सरळ रस्त्यावरही वळणात असलेली गाडी: पुढचा प्रोपेलर शाफ्ट वारंवार तुटण्याचं एक प्रकरण

गाडी डबल कॅबची फोर बाय फोर पिकअप. पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग), डिझेल इंजिन, पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आणि पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे लॉकिंग हब (लॉक केले की पुढची चाकं शाफ्टला जोडली जातात, मोकळे केले की सुटी फिरतात). काम साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर. तिथे पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराची माणसं, हत्यारं, केबलची बंडलं आणि तेलाचे ड्रम वर न्यायचे. साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा आणि ठोसेघर ओलांडेपर्यंत डांबरी घाट आहे. वर सड्यावर पोचलं की जांभा, मुरूम, आणि पावसाळ्यात चाक अर्धं बुडेल असा राडा. म्हणजे एकाच फेरीत गाडीला डांबरही लागतं आणि चिखलही. या प्रकरणात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

तक्रार एका वाक्याची होती: पुढचा शाफ्ट टिकत नाही. म्हणजे ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत फिरणारी नळी.

इतिहास मालकाकडून कळला तो असा. जूनमध्ये पहिल्यांदा ट्रान्सफर केसकडचा क्रॉस (दोन योकांना, म्हणजे दोन कानांच्या चिमट्यांना, जोडून शाफ्टला कोनात फिरू देणारा चार टोकांचा सांधा) गेला. नवा बसवला, तोही थोड्याच आठवड्यांत खडखडायला लागला. कोणीतरी माल डुप्लिकेट असल्याचं सांगितलं, म्हणून चांगल्या बनावटीचा क्रॉस आणला. तो जरा जास्त टिकला, पण गेलाच. मग लेथवाल्याकडून जाड नळीचा, मोठ्या क्रॉसचा 'हेवी' शाफ्ट बनवून घेतला. त्या शाफ्टला काही झालं नाही, पण ट्रान्सफर केसच्या पुढच्या आउटपुटचं बेअरिंग वाजू लागलं आणि ऑइल सीलमधून तेल गळायला लागलं. शेवटी भरलेली गाडी ठोसेघरच्या वर असताना त्या हेवी शाफ्टच्या क्रॉसचं एक टोक बुडातून तुटलं. शाफ्ट ट्रान्सफर केसकडून सुटला, फिरता फिरता चासीच्या आडव्या पट्टीवर आदळला आणि ब्रेकचा पाइप चेपला. ड्रायव्हर मामांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या आधारानं रस्त्याच्या कडेला आणून उभी केली. नशिबानं शाफ्ट मागच्या टोकाला सुटला होता. पुढच्या अ‍ॅक्सलकडचं टोक सुटून खाली पडलं असतं आणि रस्त्यात रुतलं असतं, तर धावती गाडी त्या शाफ्टवर उचलली गेली असती. पुढच्या शाफ्टचा आवाज येतोय आणि 'बघू पुढच्या फेरीला' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तोवर सगळ्यांनी मिळून तीन निदानं करून ठेवली होती. पहिलं, पावसात ग्रीस धुऊन जातं म्हणून क्रॉस सुकतो. दुसरं, गाडी उचलल्यामुळे शाफ्टचा कोन बिघडला. तिसरं, ड्रायव्हर डांबरावरसुद्धा फोर बाय फोर लावून ठेवतो. मालकांचा भर तिसऱ्यावर होता आणि मामांच्या पगारातून शाफ्टचे पैसे कापायला सुरुवातही झाली होती. हे मला पटलं नाही, आणि ड्रायव्हर ओळखीचे होते म्हणून नव्हे. एखाद्या भागाचा एकच तुकडा वारंवार जात असेल, तर माणसाला दंड करण्याआधी तो तुकडा काय सांगतोय ते बघायला हवं. तुटलेला भाग खोटं बोलत नाही.

इथे मालकांचे आभार मानावे लागतील. त्यांनी जुने क्रॉस भंगारात दिले नव्हते. एका गोणपाटात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवले होते.

तुकड्यांनी काय सांगितलं

क्रॉसच्या चार टोकांवर, टोपीसारख्या कपांच्या आत, बारीक सुयांचं बेअरिंग फिरतं. क्रॉस कसा मेला हे त्या टोकांच्या पृष्ठभागावर लिहिलेलं असतं. ग्रीस नसल्यानं गेला असेल, तर टोक निळसर-काळं पडतं, पृष्ठभाग खरवडला जातो आणि कपातून गंजाची लाल पूड निघते. कोन फार झाल्यानं गेला असेल, तर टोकाचा माथा आणि कपाचा तळ एकमेकांवर घासलेले दिसतात, आणि योकचे कान क्रॉसला किंवा समोरच्या योकला लागल्याच्या चकचकीत खुणा असतात. भारानं गेला असेल, तर सुया धातूत रुतून एकाला एक समांतर बारीक खाचा पडतात. नखाची कडा फिरवली की त्या मोजता येतात.

पहिला क्रॉस थोडा सुकलेला होता. लाल पूडही होती, त्यामुळे पहिल्या निदानाला थोडासा आधार मिळाला. पण चारपैकी एकच टोक सुकलं होतं. बाकी तिन्हींत ग्रीस होतं आणि तरीही त्यांच्यावर खाचा होत्या. म्हणजे ग्रीस मारताना एका टोकात ते पोचलं नव्हतं, एवढंच. (ग्रीस गननं मारताना चारही सीलमधून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारत राहायचं असतं. तीन बाजूंनी आलं म्हणजे झालं असं समजणारे फार.) दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रॉसमध्ये ग्रीस भरपूर होतं आणि खाचाही भरपूर होत्या. ग्रीसचं कारण इथेच मागे पडलं.

आता खाचा कुठल्या अंगाला आहेत हे बघायचं होतं. सुटा क्रॉस हातात घेऊन ते कळत नाही, कारण तो शाफ्टमध्ये कसा बसला होता हे माहीत नसतं. पण शेवटच्या अपघातातल्या क्रॉसचे तीन पाय अजून योकमध्येच अडकलेले होते. गाडी पुढे जाताना शाफ्ट कुठल्या दिशेनं फिरतो ते योकवर खडूनं बाण काढून ठेवलं आणि मग कप काढले.

इंजिन जेव्हा शाफ्टमार्फत चाकं ओढतं, तेव्हा ट्रान्सफर केसकडचं योक क्रॉसच्या टोकाला मागून ढकलतं. त्यामुळे भाराच्या खुणा, फिरण्याच्या दिशेनं पाहिलं तर, त्या योकमधल्या टोकांच्या मागच्या अंगाला पडायला हव्यात. ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला असेल किंवा चढावर चाकं रुतवून जोर मारला असेल, तरी खुणा तिथेच पडल्या असत्या. इथे मागचं अंग जवळजवळ गुळगुळीत होतं. खाचा पुढच्या अंगाला होत्या आणि खोल होत्या.

याचा अर्थ सरळ आहे. इंजिन पुढची चाकं ओढत होतं म्हणून हा शाफ्ट मेला नाही. पुढची चाकंच शाफ्टला फिरवू पाहत होती आणि ट्रान्सफर केस त्याला रोखून धरत होती. गाडी पुढे जात असताना पुढचा अ‍ॅक्सल ब्रेक लावल्यासारखा वागत होता. रिव्हर्समध्ये जोर लावतानाही भार याच अंगाला येतो, हे खरं. पण ही गाडी रिव्हर्समध्ये घाट चढत नव्हती.

ड्रायव्हरला विचारलं

पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरची रचना) नसतो. फोर-हायला (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीला) लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. व्हीलबेस ३ मीटर धरला आणि मागचा अ‍ॅक्सल ८ मीटर त्रिज्येनं वळला, तर पुढचा सुमारे ८.५४ मीटर त्रिज्येनं वळतो. म्हणजे जवळजवळ ७ टक्के जास्त अंतर. तो फरक चिखलात चाक जरासं घसरून निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, आणि मग ओला पंचा पिळावा तशी ट्रान्सफर केसपासून टायरपर्यंतची सगळी साखळी पिळली जाते. भार पुढच्या शाफ्टवर येतो आणि तो येतो याच, 'रोखून धरण्याच्या' अंगाला.

म्हणजे वरवर पाहता मालकांचं निदान खरं ठरत होतं. घाटातल्या वळणांवर फोर-हाय लावून ठेवलं की अशाच खुणा पडणार. म्हणून मामांना बाजूला घेऊन, कोणी ऐकत नसताना विचारलं. ते म्हणाले, "घाटात मी लावत नाही. ठोसेघरच्या वर, डांबर संपलं की हब लॉक करतो आणि मग लिव्हर टाकतो. उतरताना काढतो. पण ती निघतच नाही ना."

"कधी निघत नाही? वळणावरून आल्यावर?"

"नाही हो, सरळच्या पट्ट्यावरपण. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर दगडासारखी बसते. मग गाडी थोडी मागं घ्यायची, की निघते खट्कन. कधी कधी लिव्हर निघेना म्हणून तशीच खाली आणलीय, तेवढं खरं."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची किल्ली या दोन वाक्यांत होती. ती देणारा माणूस पहिल्या दिवसापासून गाडीत बसलेला होता, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं. वळणावर पीळ बसणं हे प्रत्येक पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये होतं. सरळ रस्त्यावर पीळ बसता कामा नये. सरळ रस्त्यावरही बसत असेल, तर पुढच्या आणि मागच्या चाकांचा हिशोब मुळातच जुळत नाही. आणि मागे घेतल्यावर लिव्हर सुटते, कारण उलट जाताना तोच पीळ आधी उलगडतो.

हिशोब न जुळायला दोनच कारणं असू शकतात: टायरचा घेर वेगळा, किंवा डिफरन्शियलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) वेगळा.

टायर

टायर चारही एकाच मापाचे होते, पण मापावर विसंबून चालत नाही. झिजलेला पुढे आणि नवा मागे असला तरी फरक पडतो, हवा कमी-जास्त असली तरी पडतो. हवा सारखी केली. टायरच्या कडेला आणि जमिनीवर खडूची खूण केली आणि गाडी ढकलून प्रत्येक चाकाचे पाच पूर्ण फेरे किती अंतरात होतात ते टेपनं मोजलं. चारही चाकांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. टायर निर्दोष.

जाता जाता सांगतो, पुढे २१५/७५ आर १५ आणि मागे २३५/७५ आर १५ असे टायर घालून फोर बाय फोर चालवणारी वाहनं मी पाहिलेली आहेत. कागदावर त्यांच्या व्यासात ३० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांचा फरक येतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण शाफ्टला जाणवतो.

फेरे मोजले

शाफ्ट आधीच निघालेला होता, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलचं काम सोपं झालं. डिफरन्शियल उघडण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी करता येते. डिफरन्शियल साधा, म्हणजे लॉकर नसलेला हवा. हब लॉक करायचे. एक चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं जॅकवर उचलायचं. उचललेलं चाक हातानं फिरवलं की त्याच्या २ फेऱ्यांत क्राऊन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) १ फेरा घेतो, आणि पिनियनचा (शाफ्टला जोडलेल्या लहान दातेरी चाकाचा) फ्लँज रेशोइतके फेरे घेतो. फ्लँजवर एक खूण, हौसिंगवर एक खूण. चाकाचे २० फेरे म्हणजे क्राऊनचे १०. इतके फेरे घेतले की मोजण्यातली चूक उरत नाही.

चाक मी फिरवत होतो आणि गॅरेजमधला पोरगा खाली आडवा पडून फ्लँजच्या खुणा मोठ्यानं मोजत होता. पुढच्या अ‍ॅक्सलला २० फेऱ्यांत फ्लँजनं ४२ पूर्ण फेरे घेतले आणि त्रेचाळिसाव्याच्या पाऊण भागाच्या अलीकडे येऊन थांबला. मग मागचा अ‍ॅक्सल. गिअर न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट. मागचा शाफ्ट ४० फेरे पूर्ण करून एक्केचाळिसावा जेमतेम संपत आल्यावर थांबला. पोराला वाटलं, मोजताना आपलंच चुकलं. पुन्हा मोजलं. तेच आलं.

पुढे ४.२७, मागे ४.०९.

कव्हर उघडून क्राऊनच्या कडेवरचे आकडे वाचले तेव्हा खात्रीच पटली. मागच्यावर ४५ आणि ११, पुढच्यावर ४७ आणि ११. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते: ४५ ला ११ नं भागलं की ४.०९ येतात, ४७ ला ११ नं भागलं की ४.२७. फरक ४.४ टक्के.

आकडा लहान वाटतो, म्हणून तो रस्त्यावर काय करतो ते बघू. साधारण २.३ मीटर घेराचं चाक १ किलोमीटरमध्ये सुमारे ४३५ फेरे घेतं. तेवढ्यात मागच्या शाफ्टला सुमारे १,७८० फेरे घ्यायचे असतात आणि पुढच्याला सुमारे १,८५९. फोर-हायमध्ये दोघे जोडलेले असल्यामुळे हा जवळजवळ ७९ फेऱ्यांचा फरक दर किलोमीटरला कुठेतरी जिरवावा लागतो. चिखलात टायर तो जिरवतात. मुरूम कोरडा असेल किंवा डांबर असेल, तर तो धातूत जिरतो. आणि वळणाचा तोच हिशोब उलटा लावला, तर ४.४ टक्के फरक म्हणजे ३ मीटर व्हीलबेसच्या गाडीनं सुमारे १० मीटर त्रिज्येचं वळण घेतल्यासारखं होतं. ही गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा सतत एका घट्ट वळणात असल्यासारखी चालत होती, आणि खऱ्या वळणावर त्यात आणखी भर पडत होती.

एक शंका मालकांनी काढली आणि ती रास्त होती: शाफ्ट तर चढावरचा सगळा जोर झेलायला बनवलेला असतो, मग एवढ्यानं का तुटावा? पिळाचा जास्तीत जास्त भार टायर घसरेपर्यंतच वाढतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर १ टन वजन, टायरची पकड ०.७ आणि चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली, तर पुढच्या शाफ्टवर ६०० न्यूटन मीटरच्या आसपास भार येतो. हा भार शाफ्ट एका क्षणात तोडत नाही. पण चढावरचा जोर काही सेकंद असतो, आणि हा भार मैलोन् मैल, प्रत्येक फेऱ्याला, एकाच अंगाला येत राहतो. शिवाय रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात, ती आधी घसरतात आणि पीळ सुटतो. गाडी भरलेली असली की मागची घसरत नाहीत, आणि पुढच्या शाफ्टला पूर्ण भार सोसावा लागतो. मामांना विचारलं तर प्रत्येक वेळी शाफ्ट गेला तेव्हा गाडी भरलेलीच होती.

रेशो बदलला कधी?

पहिला शाफ्ट तुटायच्या आधीच्या पावसाळ्यात ओढा ओलांडताना पुढच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलं होतं. ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं कोणी वेळेवर पाहिलं नाही आणि क्राऊन-पिनियन खराब झालं. त्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून क्राऊन-पिनियनचा सेट आणून बसवला. हौसिंग तेच, बोल्ट तेच, सगळं व्यवस्थित बसलं. बसलं म्हणून कोणी दाते मोजले नाहीत. पुढे कोरड्या महिन्यांत हब मोकळे होते, पुढचा शाफ्ट फिरतच नव्हता, त्यामुळे काही जाणवलं नाही. जूनमध्ये हब लॉक झाले आणि शाफ्ट मरायला लागले. 'पावसात ग्रीस धुऊन जातं' हे निदान याच कारणानं सगळ्यांना खरं वाटत होतं: त्रास पावसाळ्यातच व्हायचा, कारण फोर बाय फोर पावसाळ्यातच लागायचं.

उचललेली गाडी

कोनाचं निदान मात्र पूर्ण खोटं नव्हतं. त्याच हिवाळ्यात दगडांना गाडीचं पोट लागू नये म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं होतं आणि पाट्यांच्या पुढच्या टोकाला लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) घातले होते. शॅकल पुढच्या टोकाला असताना ते लांब केले, की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. त्याचबरोबर कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा, मागे झुकलेला कोन) कमी होतो. मामांची दुसरी तक्रार, 'रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं', याच शॅकलमुळे होती.

कोन मोजण्यासाठी गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर टांगलेल्या गाडीचे कोन खोटे येतात. काम चालवायला आणलेला साधा, मूळ मापाचा शाफ्ट लावून मोजलं. ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसवर १६ अंश, पिनियनकडे ६ अंश.

एका क्रॉसमधून कोनात फिरवलेला शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा संथ होतो. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा, योक एका रेषेत असलेला क्रॉस असेल, तर तो हा हेलकावा पुसून टाकतो. १६ आणि ६ मध्ये तो पुसला जात नाही. दोन्ही कोनांच्या वर्गांतल्या फरकाचं वर्गमूळ काढलं की जवळजवळ १५ अंश येतात. म्हणजे एकच क्रॉस १५ अंशांत फिरवल्याइतका, साधारण साडेतीन टक्के कमी-जास्त होणारा हेलकावा शिल्लक राहत होता. ५० किलोमीटर वेगाला हा शाफ्ट सेकंदाला सुमारे २६ फेरे घेतो, आणि हेलकावा फेऱ्याला दोनदा, म्हणून थरथर सेकंदाला ५० च्या थोडी वर यायला हवी. लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवून, फक्त हब लॉक करून गाडी चालवली आणि मोबाइल गिअर लिव्हरच्या बुंध्याशी टेकवून थरथर मोजली. ती तिथेच आली. हब मोकळे केले की ती नाहीशी झाली.

तर कोनाचा दोष होता, पण मला तो साथीदार वाटतो, मुख्य आरोपी नाही. पिळाच्या भाराखाली दबलेल्या सुयांना हा हेलकावा वरून ठोके देत होता. फक्त कोन दुरुस्त केला असता तर क्रॉस थोडे जास्त दिवस टिकले असते आणि सगळ्यांना वाटलं असतं की दोष सापडला. खाचा एकाच अंगाला नसत्या, दोन्ही अंगांना असत्या, तर मीही कोनावरच थांबलो असतो.

'हेवी' शाफ्टमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) जोडताना तो एक दाता सरकून बसला होता, त्यामुळे दोन टोकांची योकं एका रेषेत नव्हती. शाफ्ट सुटा करण्याआधी दोन्ही भागांवर एकासमोर एक खूण करायची, हे लेथवाला, गॅरेजवाला आणि ड्रायव्हर, तिघांनीही पाळलं पाहिजे.

काय केलं

दोन मार्ग होते: पुढे ४५/११ आणायचा, किंवा मागे ४७/११ घालायचा. मालकांना दुसरा आवडत होता, कारण त्यानं ओढण्याची ताकद थोडी वाढली असती. मी पहिल्यासाठी आग्रह धरला. पुढचा सेट जुन्या बाजारातला होता. दात्यांवर रंग लावून फिरवून पाहिलं तेव्हा दात्याचा ठसा पार टोकाकडे सरकलेला दिसला, आणि बॅकलॅशही (दात्यांमधली मोकळीक) प्रमाणाबाहेर होता. तो बदलावाच लागणार होता. मागचा सेट चांगला होता, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. नवा ४५/११ चा जोडीनं घासलेला सेट आणला, पिनियनच्या शिम्स (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आणि प्रीलोड (बेअरिंगला आधीच दिलेला दाब) व्यवस्थित लावले, ठसा दात्याच्या मध्यावर आणला. क्राऊन एकीकडचा आणि पिनियन दुसरीकडचा, असं कधीही करू नये.

लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले. वाढवलेलं पान मालकांच्या हट्टापायी ठेवलं. पुन्हा मोजलं तेव्हा कोन १२ आणि १० आले, हेलकावा निम्म्याहून कमी झाला आणि कॅस्टरही परत आला.

हेवी शाफ्ट परत लावला नाही. मूळ जाडीचाच नवा शाफ्ट घातला. मालकांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा प्रश्न साधा होता: जाड आहे तर वाईट काय? वाईट हे, की भार कुठेतरी जायचाच असतो. शाफ्ट जाड केला तेव्हा तो ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर गेला. क्रॉस काही शे रुपयांत येतो आणि रस्त्याच्या कडेला बदलता येतो. ट्रान्सफर केस खाली काढावी लागते. या साखळीत काही तुटायचंच असेल, तर क्रॉस तुटावा अशीच रचना हवी.

खडूच्या खुणा पुन्हा केल्या. २० फेऱ्यांत पुढे आणि मागे, दोन्हीकडे ४१ ला जरा कमी. मग गाडी मुरमाच्या मैदानात सरळ रेषेत फोर-हायमध्ये चालवली, थांबवली आणि मामांना लिव्हर काढायला सांगितलं. ती दोन बोटांनी निघाली. मामांनी पुन्हा टाकली, पुन्हा काढली, आणि मालकांकडे बघितलं. कापलेले पैसे त्याच महिन्यात त्यांच्या खात्यावर परत आले. हे मुद्दाम लिहितो, कारण निदान चुकतं तेव्हा त्याचे पैसे कुणीतरी भरलेले असतात.

दोन्ही अ‍ॅक्सलच्या हौसिंगवर पांढऱ्या रंगानं ४५/११ लिहून ठेवलं आहे. डांबर लागलं की लिव्हर काढायची, हा नियम तसाच आहे. रेशो जुळला म्हणून वळणातला पीळ जात नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर ट्रान्सफर केसकडचा क्रॉस मुद्दाम खोलून पाहिला. चारही टोकं चकचकीत होती, नख कुठे अडकलं नाही, आणि तोच क्रॉस ग्रीस भरून परत बसवला. ट्रान्सफर केसचं पुढचं बेअरिंग मात्र अजून हलकंसं घरघरतं. हेवी शाफ्टच्या काळात त्यानं जे सोसलं ते भरून निघत नाही. ते बदलायचं काम पुढच्या उन्हाळ्यात, पठारावरची गर्दी कमी असताना काढलं आहे.